बिननक्षीचे मँडोलिन

मागच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने मँडोलिन वाजवले. फार गोड वाजवले. कार्यक्रम संपल्यावर मंडपाबाहेर चहा घेताना मात्र जे कानावर आले ते वादनाबद्दल नव्हते. "वाद्य अगदीच साधे आणले हो पोराने," एक गृहस्थ म्हणत होते, "त्याला वर ते वेटोळे असते ना, तसले तरी आणायचे." पोरगा जवळच उभा होता. काही न बोलता त्याने वाद्य पिशवीत घातले.

त्या वेटोळ्याची आणि वेटोळे नसलेल्या साध्या मँडोलिनची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे. बहुतेक सारी अमेरिकेत घडली. पण तिच्यातला प्रश्न तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे: वाजवून पोट भरणाऱ्या माणसाने पैसे कशासाठी मोजायचे, आवाजासाठी की दिसण्यासाठी?

आधी वाद्याची ओळख. मँडोलिन पाहिले नसेल, तरी ऐकले खात्रीने असेल. हिंदी चित्रपटांतल्या कितीतरी गाण्यांच्या आरंभी जी बारीक, थरथरती तार कानात शिरते ती याचीच. तारा आठ, पण त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत बसवलेल्या, आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावलेल्या. जोड्यांची जुळणी व्हायोलिनसारखीच, म्हणून व्हायोलिन येणाऱ्याचा डावा हात मँडोलिनवर लवकर बसतो. फरक उजव्या हातात. इथे गज नाही, नखी आहे. नखीने छेडलेली तार चटकन विझते. सूर लांबवायचा तर नखी भराभर खाली-वर फिरवीत राहावी लागते. ती थरथर येते ती अशी.

हे वाद्य मूळचे इटलीचे, आणि त्यातही नेपल्स शहराचे. तिथले मँडोलिन पाठीकडून एखाद्या अर्ध्या भोपळ्यासारखे फुगीर असते. लाकडाच्या पातळ फाका वाकवून, एकीला एक चिकटवून ती पाठ तयार करतात. दिसायला सुरेख, मांडीवर घेतले की घसरते. १८८० साली स्पेनमधल्या वादकांचा एक ताफा न्यूयॉर्कला आला. त्यांच्या हातांत खरे म्हणजे बांदुरिया नावाचे स्पॅनिश वाद्य होते, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन वादकांनी त्यांचे यश पाहिले आणि तशाच ढंगाचे ताफे मँडोलिन घेऊन उभे केले. लोकांना कुठले वाद्य कोणते याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना तो झंकार आवडला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या देशाला मँडोलिनचे वेड लागले. शाळांत, गिरण्यांत, चर्चच्या सभागृहांत मँडोलिनचे वाद्यवृंद निघाले.

याच काळात मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी ऑर्विल गिब्सन नावाचा एक गृहस्थ होता. जन्म १८५६ चा. जोड्यांच्या दुकानात काम करावे आणि उरलेल्या वेळात वाद्ये करीत बसावे, असा त्याचा क्रम. त्याच्या डोक्यात एक कल्पना घर करून बसली होती. वाकवलेल्या लाकडावर ताण असतो आणि ताणलेले लाकूड मोकळेपणी बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याने फाका वाकवणे सोडून दिले. व्हायोलिनचे पोट आणि पाठ जशी जाड फळीतून तासून काढतात, तसे त्याने मँडोलिनचे पोट व पाठ तासून काढले. बाजूच्या कडासुद्धा वाकवायच्या नाहीत, अखंड लाकडातून कापायच्या, इथपर्यंत त्याचा हट्ट. १ फेब्रुवारी १८९८ रोजी त्याला या बांधणीचे पेटंट मिळाले. कडांचा हट्ट पुढे टिकला नाही. तासलेल्या पोटाची कल्पना मात्र आजवर टिकून आहे.

१९०२ मध्ये गावातल्या काही व्यापारी मंडळींनी गिब्सनच्या नावाने कंपनी काढली आणि २,५०० डॉलर देऊन त्याच्याकडून हक्क घेतले. कारखाना वाढत गेला, कारागीर बाजूला पडत गेला. १९१८ साली तो वारला.

या कंपनीने मँडोलिनचे दोन आकार बाजारात आणले. एक 'ए' आकार: नासपतीच्या फळासारखा, वर निमुळता, खाली गोल, दोन्ही बाजू सारख्या. दुसरा 'एफ' आकार: याच्या डाव्या खांद्यावर शंखासारखे एक वेटोळे, आणि दुसऱ्या अंगाला लाकडाची टोके निघालेली. ऑर्विलला स्वतःला नक्षीची आवड होतीच. त्याने वाद्याच्या माथ्यावर चंद्रकोर आणि तारा जडवलेला आढळतो. वेटोळे त्याच्याच हौसेतून आले.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळी 'ए' आणि 'एफ' यांच्या आतल्या बांधणीत फारसा फरक नव्हता. दोन्हींचे पोट स्प्रूसच्या लाकडाचे, दोन्हींना मध्ये एकच लांबट गोल भोक. आवाज होतो तो पोटाची फळी आणि आतली हवा मिळून. ते वेटोळे पुढे जवळजवळ भरीव ठोकळाच झाले. भरीव ठोकळा काय वाजणार? वेटोळे सर्वस्वी निरुपयोगी होते असेही मी म्हणणार नाही. उभ्याने वाजवणारा वादक खांद्यावरचा पट्टा त्यात अडकवतो, आणि बसून वाजवताना खालचे टोक मांडीवर टेकते. पण पट्टा अडकवायला एक बटणही पुरते. वेटोळे कोरायला, त्याच्या वळणावळणाने पांढरी किनार बसवायला, आणि पुढे त्या खाचाखोचांतून रोगण घासायला कुशल कारागिराचे किती तास जातात ते सुताराला विचारा. किमतीत जी वाढ होई तिचा मोठा भाग या तासांचा होता.

कंपनीच्या यादीत पायऱ्या लावलेल्या असत. ए, मग ए-१, ए-२, ए-३, ए-४. तिथून वर एफ-२ आणि एफ-४. पायरी चढली की किनार वाढायची, शिंपल्याची जडण वाढायची, किंमत वाढायची. आणि ही वाद्ये विकायचे कोण? तर संगीतशिक्षक! माझ्या शिक्षकबंधूंनी हा भाग जरा कान देऊन ऐकावा. कंपनीने गावोगावच्या संगीतशिक्षकांना आपले एजंट केले होते. गुरुजींनी विद्यार्थी जमवायचे, त्यांचा वाद्यवृंद उभा करायचा, त्यांना कंपनीची वाद्ये हप्त्याने घेऊन द्यायची आणि आपले कमिशन घ्यायचे. यातून चांगले काम खूप झाले, नाही असे नाही. लहान लहान गावांतली पोरे स्वरलिपी वाचायला शिकली, चांगले वाद्य हप्त्यावर हाती आले. पण विद्यार्थ्याला कुठले वाद्य घ्यायचे हे सांगणारा आणि ते विकून पैसे मिळवणारा माणूस एकच असला, की सल्ला पायरीपायरीने वरच चढतो. नेपल्सच्या फुगीर मँडोलिनची तर कंपनीच्या जाहिरातींत 'बटाट्याचा किडा' म्हणून टिंगल चाले. कालपर्यंत त्याच किड्यावर लोक खुशाल वाजवीत होते.

पहिले महायुद्ध आले आणि वेगळीच गरज निघाली. सैनिकाला छावणीत वाजवायला स्वस्त, धसमुसळेपणा सोसणारे वाद्य हवे होते. १९१८ च्या सुमारास कंपनीने 'आर्मी-नेव्ही' नावाचे मँडोलिन काढले. वाटोळे शरीर, पोट सपाट, पाठ सपाट. तासकाम नाहीच, पातळ फळ्या कापून चिकटवायच्या. अमेरिकन लोक अशा वाद्याला त्यांच्या धिरड्याचे नाव देतात. आपण भाकरी म्हणू. आवाज तासलेल्या वाद्याइतका टोकदार नव्हता, पण मऊ आणि भरपूर होता. लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत कंपनीने ते बंद केले.

मग १९२० च्या दशकात 'ए ज्युनिअर' निघाले. तपकिरी रंग, किनार नाही, जडण नाही. पोट मात्र तासलेलेच. मला विचाराल तर त्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे सर्वांत प्रामाणिक वाद्य. याच सुमारास कंपनीच्या टेड मॅकह्यू या माणसाने दांडीच्या आत लोखंडी सळई घालण्याची युक्ती काढली. आठ पोलादी तारांच्या ओढीने आणि हवेतल्या ओलाव्याने दांडी वाकते, तारा पडद्यांपासून उंच होतात, बोटे सोलून निघतात. सळईचा आटा फिरवला की दांडी पुन्हा सरळ. रात्री एका गावी नि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी वाजवणाऱ्याला शिंपल्याच्या फुलापेक्षा ही न दिसणारी सळई किती मोलाची, ते सांगायला नको.

१९२२ मध्ये लॉइड लोअर या कंपनीतल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली 'एफ-५' तयार झाले. यात खरी नवी गोष्ट होती. गोल भोकाच्या जागी व्हायोलिनसारखी दोन लांब भोके आली, पोटाच्या जाडीचे माप बारकाईने बसवले गेले, आवाज कडक आणि दूरवर जाणारा झाला. किंमत २५० डॉलर. पण वेळ चुकली. मँडोलिनचे वेड ओसरले होते, लोकांना जाझ आणि बँजो हवा होता. वाद्ये पडून राहिली, आणि १९२४ अखेर लोअरने कंपनी सोडली. त्याच्या सहीची एफ-५ आज लाखाहून अधिक डॉलरांना जातात, पण तो वेगळा तमाशा आहे.

मौज अशी की याच लोअरच्या सहीचे, तीच दोन लांब भोके असलेले, पण साध्या 'ए' आकाराचे एक मँडोलिन १९२३ साली तयार झाले. असे एकच आजवर उजेडात आले आहे. म्हणजे एफ-५ चा आवाज वेटोळ्याशिवाय काढता येतो, हे ज्या कारखान्याने वेटोळे विकले त्याच कारखान्यात सिद्ध झाले होते. त्याकडे पुढची पन्नास वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. का, ते आता सांगतो.

केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्यात १९११ मध्ये बिल मन्रोचा जन्म झाला. आठ भावंडांत धाकटा. थोरल्या भावांनी व्हायोलिन आणि गिटार पटकावले, याच्या वाट्याला उरले ते मँडोलिन. फार आवाज करू नये म्हणून भावांनी त्याला आठांपैकी चारच तारा लावू दिल्या, असे सांगतात. हा धाकटा पुढे १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या शनिवार रात्रीच्या कार्यक्रमात आपला ताफा घेऊन गेला. शेतावरची माणसे आठवडाभर राबून शनिवारी रात्री रेडिओभोवती बसत आणि याची धारदार तान ऐकत. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या ताफ्यावरूनच पुढे त्या संगीताला 'ब्लूग्रास' नाव पडले. त्यात ढोल-ताशा काही नसतो. मँडोलिनवाला मागच्या मात्रेवर तारा झटकन दाबून जो 'चक्' असा ठोका देतो, त्यावर सारा ताफा चालतो. वाद्य गायचेही आणि ताल धरायचेही.

१९४५ च्या आसपास फ्लोरिडातल्या मायामी गावी एका न्हाव्याच्या दुकानात मन्रोला एक जुने मँडोलिन विकायला ठेवलेले दिसले. त्याने १५० डॉलरांना ते घेतले. ते होते लोअरच्या सहीचे एफ-५, आत तारीख ९ जुलै १९२३. पन्नासएक वर्षे तो त्यावरच वाजवीत राहिला.

यानंतर काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. ज्याला त्याला मन्रोसारखे वाजवायचे, म्हणजे मन्रोसारखे वाद्य हवे. खांद्यावर वेटोळे नसेल तर तो ब्लूग्रासवाला कसला! खेड्यातली माणसे टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या जाड याद्यांतून स्वस्तातली साधी मँडोलिने मागवून आजवर वाजवीत आली होती; ती आता मंचावर न्यायला लाजू लागली. मन्रोच्या वाद्यात आवाज कुठून येत होता? तासलेल्या पोटातून, लांब भोकांतून, आणि मुख्य म्हणजे मन्रोच्या मनगटातून. डोळ्यांना दिसले ते वेटोळे. तीर्थाला जाऊन माणूस मूर्ती विसरतो आणि कळसाचा फोटो घेऊन येतो, त्यातला प्रकार.

याची झळ लागली ती सुपारी घेऊन वाजवणाऱ्या वादकाला. हा माणूस प्रसिद्ध नसतो. शनिवारी कुणाच्या लग्नात, रविवारी जत्रेत, मधल्या दिवशी खाणावळीच्या कोपऱ्यात वाजवतो. मिळकत बेताची. वाद्याला प्रवासात ठोकर लागते, उन्हात गाडीत राहते, पावसात भिजते. त्याला हवा खणखणीत आवाज, सरळ राहणारी दांडी, न घसरणाऱ्या खुंट्या. पण बाजाराने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. एक तर वेटोळ्याचे अस्सल वाद्य कर्ज काढून घ्यायचे. नाही तर त्याच आकाराचे स्वस्तातले घ्यायचे, जे लांबून हुबेहूब दिसते, पण ज्याचे पोट तासलेले नसून थरांची फळी साच्यात दाबून फुगवलेली असते. अशा फळीचा आवाज पोटातच राहतो. ठराविक पैशांत आकार मिळतो किंवा आवाज मिळतो, आणि वादक बिचारा लाजेपोटी आकार घेतो.

तिसरी वाट निघाली ती मोठ्या कारखान्यातून नव्हे. १९७० नंतर अमेरिकेत लहान लहान कर्मशाळा उभ्या राहिल्या. मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी 'फ्लॅटआयर्न' नावाने मँडोलिने होऊ लागली, आणि त्यांनी नमुना म्हणून काय घ्यावे? तर तीच सैनिकाची भाकरी, आर्मी-नेव्ही! सपाट, वाटोळी, बिनकिनारीची. कामाला जाणाऱ्या वादकांनी ती उचलली. पुढे ते तासलेली वाद्येही करू लागले, आणि इतकी चांगली, की १९८७ मध्ये खुद्द गिब्सन कंपनीने ती कर्मशाळा विकत घेतली. काही वर्षांनी कंपनीने मँडोलिनचे काम नॅशव्हिलला हलवले. मोंटानातले काही कारागीर गाव सोडायला तयार नव्हते. त्यांच्यापैकी ब्रूस वेबर याने १९९७ मध्ये तिथेच नवी कर्मशाळा काढली. तिथल्या मँडोलिनांना मोंटानातल्या नद्या-डोंगरांची नावे दिली जात. त्यांतली साधी, कमी नक्षीची जात होती ती 'गॅलटिन', त्या भागातल्या नदीच्या नावाची. टेक्ससमधल्या ऑस्टिनचा बिल कॉलिंग्ज गिटारी करीत असे. १९९९ च्या सुमारास त्यानेही मँडोलिने सुरू केली. त्याचे 'एमटी' हे साधे 'ए' आकाराचे, दोन लांब भोकांचे, चमक नसलेल्या मंद रोगणाचे मँडोलिन वादकांत लगेच मानले गेले.

या साध्या वाद्यांत काय गाळले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. वेटोळे गेले. कडेची किनार कमी झाली किंवा गेली. शिंपल्याची फुले गेली, पडद्यांच्या खुणेचे ठिपके राहिले. आरशासारख्या रोगणासाठी थरावर थर देऊन घासत बसावे लागते. त्याऐवजी पातळ, मंद थर आला. पोट मात्र अखंड स्प्रूसचे आणि तासलेले, पाठ मेपलची, दांडीत सळई, खुंट्या चांगल्या. ओबडधोबड तासकाम यंत्र करू लागले, पण फळी शेवटच्या मापावर आणणारा हात माणसाचाच. फळी टिचकी मारून ऐकायची, पुन्हा थोडी खरवडायची, पुन्हा ऐकायची. मिरजेच्या सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या कारागिराला जवारी लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कानाची कसोटी कळेल.

लाज कशी मोडली? ती वादकांनीच मोडली. 'हॉट राइझ' हा १९७८ मध्ये निघालेला नावाजलेला ब्लूग्रास ताफा. त्यातला टिम ओब्रायन वर्षानुवर्षे मंचावर 'ए' आकाराचेच मँडोलिन घेऊन उभा राहिला. त्याचे ऐकून कोणी म्हटले नाही की आवाजात वेटोळे कमी पडले. तरीही फॅशन गेली असे समजू नका. आजही मोठ्या मेळ्यांत वेटोळ्यांचीच गर्दी असते.

आपल्याकडे या वाद्याचा संसार वेगळ्या वाटेने झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर राग मांडीत. आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले आपले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी वाद्यवृंदात मँडोलिन वाजवून पोट भरीत, म्हणजे सुपारीवालेच.

आणि दक्षिणेत यू. श्रीनिवास. १९६९ मध्ये आंध्रातल्या पालकोल गावी जन्मलेल्या या मुलाने कर्नाटक संगीतासाठी मँडोलिन उचलले तेव्हा जाणकारांनी माना हलवल्या. जोडतारा, चटकन विझणारा आवाज; त्यावर गमक काढायचे कसे? त्याने जोड्याच काढून टाकल्या, एकेरी तारा ठेवल्या, आणि पोकळ वाद्य सोडून विजेवर चालणारे भरीव मँडोलिन घेतले. चारांच्या पुढे पाच तारा केल्या. ना तासलेले पोट, ना भोके, ना वेटोळे. दिसायला एक लहानशी रंगवलेली फळी. २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तोवर ती फळी मद्रासच्या सभांपासून परदेशांतल्या मोठमोठ्या सभागृहांपर्यंत वाजून आली होती.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावून हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मला ते माहीत आहे. मी घेतानाच दोन्ही वाजवून पाहिली होती." आणि खालच्या जोडीतली एक तार जरा उतरली होती ती लावू लागला.